लोहाचा कोठावळा

रक्तात लोह उणे पडले की डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि घरातील वडीलधाऱ्यांना अळीव, खजूर, पालेभाज्या आठवतात. हे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु पेशीत पोहोचलेले लोह साठवावे की खर्चावे, याचा निवाडा तेथे कोण करतो, हे वाचले तेव्हा आम्ही खरोखर चकित झालो.

जादा लोह पेशी फेरिटिन नामक प्रथिनाच्या पोकळ गोलात कोंडून ठेवते. अशा एका कोठारात लोहाचे सुमारे ४,५०० अणू मावतात. ते बांधण्याचा हुकूम आरएनएच्या लांब धाग्यावर लिहिलेला असतो. हुकमाचा मजकूर सुरू होण्यापूर्वीच हा धागा स्वतःवर दुमडून बायका केसांत खोचतात त्या आकड्याचा आकार घेतो. टोकाशी सहा अक्षरांचा फास आणि दांडीतून एकटेच बाहेर डोकावणारे एक ‘सी’ अक्षर, ही त्याची ओळख.

लोहाची टंचाई झाली की आयआरपी-१ हे प्रथिन या आकड्याला घट्ट धरते. या जोडीची स्फटिकरचना २००६ साली प्रसिद्ध झाली. फासाच्या टोकाची अक्षरे प्रथिनाच्या एका खळग्यात बसतात, तर ते एकाकी ‘सी’ दूरच्या दुसऱ्या खळग्यात. म्हणजे नुसती अक्षरे जुळून भागत नाही. दोहोंमधील अंतर आणि दांडीचा पीळही जुळावा लागतो. अशी पकड बसली की रायबोसोमाला हुकूम वाचता येत नाही, कोठारे बांधली जात नाहीत, लोह कामाला मोकळे राहते. लोह मुबलक झाले म्हणजे याच प्रथिनात लोह-गंधकाचा ठोकळा बसतो, आरएनए सुटतो आणि हा कोठावळा अॅकोनिटेज नावाचे विकर होऊन निराळ्याच कामाला लागतो!

१९९५ साली फ्रान्स व इटलीतील काही कुटुंबांची हकीकत प्रसिद्ध झाली. ऐन तारुण्यात मोतीबिंदू, तोही पिढ्यान्‌पिढ्या. रक्तात फेरिटिन भरमसाट, शरीरातील लोह मात्र नेहमीइतकेच. शोध घेता त्या आकड्यातच अक्षराची चूक आढळली. प्रथिनाची पकड सैल, म्हणून फेरिटिन अनिर्बंध. अशा रुग्णाला लोहाधिक्य झाले असे समजून वारंवार रक्त काढले, तर त्याला विनाकारण पंडुरोग जडतो. तेव्हा रक्ततपासणीत फेरिटिन वाढलेले निघाले आणि घराण्यात कोवळ्या वयातील मोतीबिंदू असला, तर वाचकांनी ते डॉक्टरांच्या कानावर अवश्य घालावे.