शेतकऱ्याच्या मुलाने कॉलेजात जावे काय? : खर्चाचा एक हिशेब

बारावीच्या परीक्षेचा निकाल लागला की आमच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पुष्कळ घरांत एकच प्रश्न उभा राहतो. पेरण्या तोंडावर आलेल्या असतात, बियाणे व खत यांस पैसा लागत असतो, आणि त्याच वेळी मुलगा अथवा मुलगी कॉलेजात नाव घालण्याविषयी हट्ट धरून बसते. हा प्रश्न बहुधा दोन टोकांनी सुटतो. काही घरी बाप म्हणतो, "पदवीधर काय थोडे हिंडताहेत?" आणि विषय संपतो. काही घरी शेजाऱ्याचा मुलगा इंजिनियरीला गेला एवढ्याच कारणावरून जमिनीचा तुकडा विक्रीस निघतो. दोन्ही ठिकाणी हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. बैलजोडी घ्यावयाची झाली तर दात पाहणारे आमचे शेतकरी बंधू, चार वर्षे व सात-आठ लाख रुपये घालताना कागदावर चार आकडेही लिहीत नाहीत, याचे आम्हांस नवल वाटते. आम्ही स्वतः कॉलेजची पायरी चढलो नाही. परंतु महसूल खात्यात हयात गेल्यामुळे दाखले, बोजे व खरेदीखते यांच्या वाटेने या प्रश्नाच्या मुळाशी अनेकदा जावे लागले. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम, "पदवीधर बेकार हिंडतात" या वाक्यात तथ्य किती, ते पाहू. केंद्र सरकारच्या श्रमबलाच्या पाहणीत २०२२-२३ साली पंधरा वर्षांवरील सर्व लोकांत बेकारीचे प्रमाण शेकडा ३.२ भरले, आणि पदवीधरांत ते शेकडा १३.४ भरले. म्हणजे शिकलेल्यांत बेकारी चौपट. हा आकडा वाचून कोणी कॉलेजास नमस्कार करील. परंतु थोडा विचार केला पाहिजे. ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे तो मिळेल ते काम करतो, म्हणून तो बेकारांत मोजला जात नाही. त्याची मिळकत किती तुटपुंजी आहे हे या आकड्यात दिसत नाही. पदवीधर मात्र मनाजोगत्या कामाची वाट पाहत बसू शकतो, कारण बसवून खाऊ घालणारा बाप मागे असतो. तेव्हा या आकड्यावरून पदवी निरुपयोगी ठरत नाही. पदवी हाती आल्यावरही वर्ष दोन वर्षे घरातून पोसण्याची तयारी ठेवावी लागते, एवढे मात्र ठरते. आणि हा खर्चही हिशेबात धरला पाहिजे.

आता खर्च. कॉलेजचा खर्च म्हणजे फी असे आमचे लोक समजतात. फी हा दिसणारा खर्च होय. मोठा खर्च न दिसणारा असतो. एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत, वाचकांनी आपापले घालावे. शहापूरच्या सोनुभाऊ बसवंत कॉलेजात किंवा मुरबाडजवळ शिवळे येथील कॉलेजात मुलगा घरून जाऊन येऊन बी. ए. अथवा बी. कॉम. करतो असे धरू. फी, पुस्तके, येणेजाणे व कपडालत्ता मिळून वर्षास २५,००० रुपये, तीन वर्षांचे ७५,०००. हाच मुलगा भिवंडीकडील गोदामांत वा मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत कामास गेला असता आणि महिना १२,००० मिळविता, तर तीन वर्षांत ४,३२,००० रुपये घरात आले असते. ते आले नाहीत. म्हणजे तोही खर्चच. एकूण ५,०७,०००. पदवीमुळे त्यास पुढे महिना ४,००० रुपये अधिक मिळाले, तर ही रक्कम भरून येण्यास साडेदहा वर्षे लागतील. ८,००० अधिक मिळाले तर सव्वापाच. नोकरीची उमेद तीस-पस्तीस वर्षांची धरली तर दोन्हीही सौदे वाईट नाहीत. मात्र मुलाने तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडले, तर खर्च जवळजवळ सगळा आणि प्राप्ती शून्य. अर्धवट शिक्षण हे अर्ध्या खणलेल्या विहिरीप्रमाणे होय. पैसा गेला आणि पाणी लागले नाही. ज्या मुलास अभ्यासाचा मनापासून कंटाळा आहे, त्यास केवळ घराण्याच्या मोठेपणासाठी ढकलू नये, असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने.

याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की, जो मुलगा कॉलेजात न जाता घरीच बसणार, गावच्या नाक्यावर दिवस घालविणार, त्याच्या बाबतीत तो ४,३२,००० चा आकडा खोडून टाकावा. त्यास कॉलेज स्वस्त पडते. आमच्याकडील शेती मुख्यतः भाताची. लावणी व कापणी एवढेच दिवस हातांची खरी निकड. लावणीचे आठ-पंधरा दिवस मुलगा शेतात उतरला तर कॉलेज बुडत नाही. "शेती कोण पाहील?" ही सबब पुष्कळदा सबबच असते.

येण्याजाण्याच्या खर्चाविषयी दोन शब्द. शहापूरकरांस आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी स्टेशने असल्यामुळे कल्याणची कॉलेजे टप्प्यात आहेत. मुरबाडकरांस रेल्वे नाही, एस. टी. वरच भिस्त. एस. टी. च्या मासिक पासात विद्यार्थ्यांस ६६.६७ टक्के सवलत मिळते, मुलींस बारावीपर्यंत प्रवास मोफत आहे. रेल्वेत दुसऱ्या वर्गाचा विद्यार्थी पास मुलींस पदवीपर्यंत व मुलांस बारावीपर्यंत फुकट मिळतो. टोकावडे किंवा डोळखांबकडील मुलाचे रोजचे चार-पाच तास प्रवासात जातात, हा खर्च मात्र कोणत्याही पासाने भरून निघत नाही. अशा ठिकाणी वसतिगृहाचाच विचार करावा.

खरी जोखीम आहे ती खाजगी इंजिनियरी व तत्सम महागड्या शिक्षणात. समजा, फी व राहणेखाणे मिळून वर्षास १,८०,००० रुपये लागतात आणि सर्व रक्कम बँकेच्या शैक्षणिक कर्जातून उभी केली. चार वर्षांचे ७,२०,००० झाले. शिक्षण चालू असता व त्यापुढे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असते; आमचे लोक येथे फसतात. शेकडा १० दराने सरळ व्याज धरले तरी हप्ता सुरू होण्याच्या दिवशी २,५२,००० रुपये व्याज चढून देणे ९,७२,००० होते. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर महिना सुमारे १२,८५० रुपये, पंधरा वर्षांत फेडावयाचे तर सुमारे १०,४५०. मुलास प्रारंभी १८,००० पगार मिळाला आणि त्याने मुंबईत खोली घेतली, तर हप्ता कोण भरणार? अर्थात बाप. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजची इमारत व बाग न पाहता, मागील तीन वर्षांत त्याच शाखेतून बाहेर पडलेली मुले आज कोठे आहेत व काय मिळवितात, हे त्या मुलांस गाठून विचारावे. कॉलेजने छापलेल्या पुस्तिकेतील "सर्वोच्च पगार" हा एका मुलाचा असतो. आपणांस मधल्या मुलाचा पगार कळला पाहिजे.

तरीही कर्ज आणि जमीन विकणे यांत निवड करावयाची तर आम्ही निःशंक कर्जाच्या बाजूने आहो. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास सरकारी हमी निधीची योजना असल्यामुळे जमीन गहाण टाकण्याचे सामान्यतः कारण नसते. जमीन विकण्यात मात्र असा एक धोका आहे, जो विकणाऱ्याच्या गावीही नसतो. कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे आपल्या राज्यात शेतजमीन शेतकऱ्यासच विकत घेता येते. ज्याने शेवटचा सातबारा विकला तो शेतकरी राहिला नाही. पुढे मुलगा लाखो रुपये मिळवू लागला तरी परवानगीवाचून त्यास गावी गुंठाभर शेत घेता येत नाही. तेव्हा फारच निकड पडली व विकावेच लागले, तरी वरकसाचा एखादा तुकडा नावावर राखावाच.

समृद्धी महामार्गाने हा प्रश्न आमच्या शहापुरात अधिक तीव्र केला. इगतपुरी ते आमणे हा त्याचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्याआधीच कित्येक कुटुंबांच्या हाती मोबदल्याची मोठी रक्कम आली होती. त्यातून बंगले झाले, मोटारी झाल्या. पाच वर्षांनी मोटारीची किंमत काय राहते ते सांगावयास नको. जमीन गेलेल्या घराने त्या पैशातील काही भाग मुलांच्या शिक्षणाकरिता मुदत ठेवीत निराळा ठेवावा. ज्या घरी जमीनच उरली नाही, तेथे मुलांचे शिक्षण हेच पुढचे शेत आहे. तेथे आमचा वरील सावधपणाचा सल्ला थोडा सैल समजावा.

जमीन असलेल्यांनीही एक गोष्ट मनात आणावी. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी धारणा १.३४ हेक्टर भरली. तीन भावंडांत वाटणी झाली म्हणजे प्रत्येकी एक एकर व थोडे गुंठे, तेही आमच्या खाचरांच्या उतरणीत चार ठिकाणी विखुरलेले. एवढ्यावर एका कुटुंबाचे वर्ष निघत नाही. म्हणजे सर्वांनी शेतीत राहणे शक्यच नाही. कोणी राहावे व कोणी बाहेर पडावे, एवढेच ठरवावयाचे. येथे आमच्याकडे उलटी रीत आहे. हुशार मुलगा कॉलेजात आणि ज्यास काही जमत नाही तो शेतीत! वास्तविक थोड्या जमिनीतून अधिक काढावयाचे तर शेतीस अधिक हुशार मनुष्य पाहिजे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, भाताचे संशोधन कर्जतला आपल्या शेजारी चालते. शेतीत राहणाऱ्या मुलास निदान कृषी पदविका द्यावी. हाताच्या कामाची गोडी असलेल्या मुलास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्री किंवा जोडारीचा अभ्यासक्रम कित्येकदा साध्या पदवीहून लवकर फळ देतो. आणि जो आजच कामास लागला आहे, त्यास नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची वाट १९८९ पासून मोकळी आहे; त्यात बुडीत पगाराचा खर्चच नाही.

सर्वच लाभ रुपयांत मोजता येत नाहीत, हेही खरे. माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबातील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल वकिलीपर्यंत शिकले. त्या शिक्षणातून त्यांनी पैसा केला नाही, तर सावकारी पाशातील शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या चालविल्या, आणि २ जानेवारी १९४३ रोजी आपल्या मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर त्यांनी देह ठेवला. इतके दूर जावयास नको. घरात फेरफाराची नोटीस वाचून मुदतीत हरकत घेणारा एक मनुष्य असला तर किती जमिनी वाचतात, हे आम्ही कचेरीत बसून पाहिले आहे.

मुलींविषयी आमचे मत स्पष्ट आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतल्यास माफी नाही. ज्या घरी एकच मूल पाठविण्याची ऐपत आहे व मुलगी अभ्यासात बरी आहे, तेथे तिला मागे ठेवणे हे निव्वळ व्यवहारातही नुकसानीचे आहे. अल्पभूधारकांच्या मुलांस डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे; आदिवासी बंधूंनी शहापूरच्या प्रकल्प कार्यालयात वसतिगृह व शिष्यवृत्ती यांची चौकशी करावी.

या सवलती हुकतात त्या बहुधा कागदांपायी. जून महिन्यात कचेरीपुढे रांग लागते आणि मुदत निघून जाते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नवे आर्थिक वर्ष लागताच, एप्रिल-मे मध्ये काढावा. अधिवासाचा दाखला एकदाच लागतो, तो दहावीनंतरच काढून ठेवावा. जातीच्या दाखल्यास व पडताळणीस फार दिवस लागतात, म्हणून मूल अकरावीत असतानाच अर्ज करावा. इतर मागास वर्गास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा व अनुसूचित जमातींस १९५० पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. आजोबा शाळेत गेले नसतील तर शाळेचा दाखला मिळणार नाही. अशा वेळी गाव नमुना नंबर १४ मधील जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदीची नक्कल तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून मागावी. अर्जात आजोबा-पणजोबांचे पूर्ण नाव, गाव व अदमासे साल लिहावे. साल न लिहिल्यास शोध घेणाऱ्याची व अर्जदाराची दोघांचीही वर्षे फुकट जातात. आणि सातबारावरील, शाळेतील व आधार कार्डावरील नावात फरक असेल, तर तो आजच दुरुस्त करून घ्यावा.