नाण्याला चिंच लावू नका!

दिवाळी जवळ आली की घरोघरी तांब्यापितळेची भांडी चिंचेने लखलखू लागतात. याच उत्साहात काही वर्षांपूर्वी माझ्या हातून एक अपराध घडला.

एका स्नेह्यांनी लंडनहून मला ब्राँझचे एक रोमन नाणे आणून दिले होते. करंगळीच्या नखाहून थोडे मोठे, काळपट हिरवे. ‘गंज चढलाय,’ असे म्हणून मी ते चिंचेने चांगले घासले. पाच मिनिटांत नाणे तांबूस चकाकू लागले आणि सुमारे सतराशे वर्षे टिकलेली अक्षरे पुसट झाली!

तो हिरवा थर म्हणजे निव्वळ मळ नव्हे, हे मला मागाहून कळले. पुष्कळदा नाण्याची बारीक नक्षी त्या थरातच शिल्लक असते. थर गेला की नक्षीही गेली.

आता ओळख पटवायची कशी? दर्शनी बाजूस सम्राटाचे मुख आणि भोवती लॅटिन अक्षरे होती. त्यांतले ‘कॉन्स्टंटिनस मॅक्स’ कसेबसे लागले. मॅक्स म्हणजे थोर. मागे दोन शिपाई उभे. कॉन्स्टंटाइनने इ. स. ३३०च्या सुमारास हे चित्र काढले, तेव्हा शिपायांमध्ये दोन ध्वज असत. पुढे काही वर्षांनी नाणे हलके झाले आणि ध्वज एकच उरला. म्हणजे ध्वज मोजले की काळ कळतो! माझ्या नाण्यावर दोन आहेत. पण तळच्या रेघेखाली टांकसाळीची खूण असते. ‘ए एन टी’ असेल तर अँटिऑक, ‘टी आर’ असेल तर ट्रीर. नेमकी तीच मी घासून टाकली. माझे नाणे कुठे पाडले गेले, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून वाचकहो, असे नाणे हाती आले तर चिंच, लिंबू, व्हिनेगर दूर ठेवा. डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, पाणी बदलत राहा. सैल झालेली माती लाकडी दातकोरण्याने हळूच काढा. मग पूर्ण कोरडे करा. नाणे नेहमी कडेने धरा. त्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली तर मात्र सावध! क्षार आणि ओल यांनी धातू आतून पोखरला जात असल्याची ती खूण, जाणकाराला दाखवा. आपल्या पावसाळी हवेत डबीत सिलिका जेलची पुडी ठेवावीच.

यंदाही आमच्याकडे चिंच भिजत पडली आहे. नाण्याची डबी मात्र मी कुलपात ठेवली आहे. घरच्या मंडळींचा नव्हे, माझाच मला भरवसा नाही!