धो धो म्हणजे किती मिलिमीटर?

आजी म्हणते, "काल रात्री नुसता धो धो पडला." बाबा म्हणतात, "छे! दोन-चार सरी आल्या नि गेल्या." ताईला तर पाऊस झाल्याचाच पत्ता नाही, ती घोरत होती. तिघंही एकाच घरात राहतात बरं का! मग खरं काय ते कोण सांगणार?

बाटली सांगणार. पण बाटलीकडे वळण्याआधी एक कोडं सोडवा.

गच्चीवर एक मोठं पिंप आहे आणि एक छोटा पेला. दोन्हींच्या कडा अगदी सरळ उभ्या. रात्रभर पाऊस पडला. सकाळी कुणातलं पाणी जास्त उंच चढलेलं असेल?

पिंपातलं, असं म्हणालात ना? बहुतेक सगळे तसंच म्हणतात. मोठी माणसं तर छातीठोकपणे म्हणतात. प्रत्यक्षात दोन्हींत पाणी सारख्याच उंचीवर असतं! पिंपाच्या रुंद तोंडात थेंब जास्त पडतात हे खरं, पण त्या थेंबांना पिंपाचा रुंद तळही भरावा लागतो. पेल्यात थेंब कमी पडतात, पण भरायचंही थोडंच असतं. म्हणूनच पाऊस लिटरमध्ये न मोजता मिलिमीटरमध्ये मोजतात. पडलेलं पाणी कुठे वाहून गेलं नसतं, मातीत मुरलं नसतं, त्याची वाफ झाली नसती, तर जमिनीवर जेवढ्या उंचीचा थर साचला असता, तेवढा पाऊस.

आता एक गंमत. एक चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला, की बरोबर 1 लिटर पाणी होतं. तुमच्या शाळेचं छप्पर 500 चौरस मीटरचं असेल आणि त्यावर 20 मिलिमीटर पाऊस पडला, तर करा गुणाकार. 10,000 लिटर! भरलेला अख्खा टँकर छपरावरून गटारात गेला की. (हे एकदा मुख्याध्यापकांच्या कानावर घाला.)

बरं, आता बाटली. शीतपेयाची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. मधे कंबर असलेली नको, सरळ अंगाची हवी. जिथून ती वर निमुळती व्हायला लागते तिथे मोठ्या माणसाकडून कापून घ्या. वरचा तुकडा, झाकण काढून, खालच्या तुकड्यात उलटा बसवा. झालं नरसाळं. नरसाळ्यामुळे आत पडलेला थेंब बाहेर उसळत नाही आणि पाण्याची वाफही कमी होते. बाटलीचा तळ खळग्यांचा असतो, तो मापात घोळ करतो. म्हणून तळाशी खडे टाका आणि कडा सरळ होईपर्यंत पाणी ओता. त्या पातळीवर रेघ मारा. हे तुमचं शून्य. त्या रेघेपासून वर चिकटपट्टीने मोजपट्टी लावा. रोज पाऊस मोजून झाला की जास्तीचं पाणी ओतून टाका आणि पातळी पुन्हा शून्यावर आणा. उन्हाने पाणी आटून रेघेखाली गेलं असेल, तर वरून थोडं घाला.

ठेवायची कुठे? झाडाखाली नाही, भिंतीला टेकून नाही आणि पागोळ्या गळतात तिथे तर मुळीच नाही. झाड जेवढं उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर ठेवली तर उत्तम. बाटली कलंडू नये म्हणून ती विटांच्या मधे उभी करा.

मोजायची वेळ सकाळी साडेआठ. नऊ वाजता आठवलं, मग मोजलं, असं चालणार नाही. भारतभर हवामान खात्याची माणसं याच वेळी पर्जन्यमापक बघतात. सगळ्यांनी एकाच वेळी मोजलं तरच आकडे एकमेकांशेजारी मांडता येतात. काल दुपारी पडलेला पाऊसही आज सकाळच्या तारखेलाच लिहायचा. हवामान खात्याच्या हिशेबात 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो 'पावसाचा दिवस' ठरतो. त्याहून कमी झाला, तर तुमची चप्पल कितीही भिजलेली असू दे!

तुम्ही विचाराल, हवामान खातं मोजतंय तर आम्ही कशाला मोजायचं?

26 जुलै 2005 ला मुंबईत काय झालं ते घरातल्या मोठ्यांना विचारा. 27 तारखेच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. पुणे शहरात वर्षभरात जेवढा पडतो त्याहून जास्त, तोही एका दिवसात! आणि त्याच मुंबईत, त्याच चोवीस तासांत, कुलाब्याला किती? फक्त 73. कुलाब्याच्या माणसाला वाटलं असेल, चांगला पाऊस झाला. तिकडे सांताक्रूझला बसगाड्या बुडत होत्या. गावाकडे म्हणतातच ना, या पावसात बैलाचं एक शिंग भिजतं नि दुसरं कोरडं राहतं! आपल्या राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित यंत्रं पाऊस मोजतात, पण एका मंडळात गावं कितीतरी असतात. तुमच्या गावात नेमका किती पडला, ते त्या यंत्राला कळेलच असं नाही.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स नावाचं शहर आहे. तिथेही जुलै 1997 मध्ये असंच झालं. शहराच्या पश्चिमेला साडेतीनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला आणि काही मैलांवर पूर्वेला त्याच्या पाव हिस्साही नाही. पूर आला, माणसं दगावली. तेव्हा तिथल्या विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ नोलन डोस्कन यांना वाटलं, घरोघरी पर्जन्यमापक असते तर! 1998 मध्ये काही डझन लोकांना घेऊन त्यांनी काम सुरू केलं आणि त्यात सुरुवातीपासून शाळकरी मुलं होती. आज 'कोकोराझ' नावाच्या त्या जाळ्यात हजारो माणसं रोज सकाळी अंगणात जाऊन पाऊस मोजतात.

त्यांचा एक नियम मला फार आवडतो. पाऊस पडला नाही, तरी '0' लिहायचं! रकाना कोरा सोडला तर पाऊस नव्हता की मोजणारा गावाला गेला होता, हे कसं कळणार? दुष्काळ ओळखायचा तर असे शून्यच मोजावे लागतात.

हेच लोक गारासुद्धा मोजतात. थर्मोकोलच्या चौकोनावर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची चंदेरी फॉइल घट्ट गुंडाळतात आणि ते मोकळ्या जागेत ठेवून देतात. गारपीट झाली, की प्रत्येक गार तिथे आपला खड्डा सोडून जाते. खड्डा रुंद, तर गार मोठी. खड्डा लांबट, तर गार तिरकी आली, म्हणजे वारा जोराचा होता. गार वितळून जाते, खड्डा राहतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपिटीने पिकं झोपवली, तेव्हा शाळाशाळांत असे चौकोन असते तर कुठे केवढी गार पडली, याचा नकाशाच तयार झाला असता. मात्र गारा पडत असताना किंवा विजा चमकत असताना बाहेर पळायचं नाही. चौकोन काही कुठे जात नाही, सगळं शांत झाल्यावर आणा.

ढगांचं काम तर त्याहून सोपं. त्याला काहीच साहित्य लागत नाही, फक्त मान वर करायची. 'ग्लोब' नावाचा शाळांसाठीचा कार्यक्रम 1995 मध्ये सुरू झाला आणि आज शंभराहून जास्त देशांतली मुलं त्यात आहेत. आकाशाचा किती भाग ढगांनी झाकलाय, ढग उंच आहेत की खाली उतरलेत, हे ती कळवतात. नासाचे शास्त्रज्ञ ती नोंद त्याच वेळी वरून गेलेल्या उपग्रहाच्या चित्राशी ताडून बघतात. एवढा महागडा उपग्रह असून त्याला मुलांची गरज का पडते? कारण तो ढगांना वरून बघतो. वर पातळ ढग नि खाली जाड ढग असे दोन थर असले की त्याचा गोंधळ उडतो. बर्फाच्छादित डोंगर नि पांढरा ढग यांतही त्याची फसगत होते. तुम्ही खाली उभे असता, तुम्हाला ढगाचं पोट दिसतं!

मोजमापाचं एवढं बोललो, तर आता हवामानशास्त्रज्ञ अॅना मणी यांची गोष्ट सांगायलाच हवी. त्यांचा जन्म 1918 चा, केरळमधला. आठव्या वाढदिवसाला घरच्यांनी हिऱ्याच्या कुड्या देऊ केल्या, तर ही पोरगी म्हणाली, मला कुड्या नकोत, एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड द्या. पुढे गंमत बघा. मोठेपणी बंगळुरूला सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी अभ्यास केला तो हिऱ्यांचाच! 1948 मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. तेव्हा हवामानाची कितीतरी उपकरणं परदेशातून यायची. अॅना मणींनी जवळजवळ शंभर उपकरणांचे पक्के आराखडे तयार करून घेतले आणि ती भारतात बनू लागली. दोन यंत्रं एकाच पावसाचे दोन आकडे दाखवत असतील, तर त्यांचा उपयोग काय, याबाबतीत त्या फार कडक होत्या.

तेव्हा तुम्हीही कडक व्हा. वर्गातर्फे बाहेर दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवा आणि दोन्हींत सारखाच आकडा येतो का बघा. येत नसेल तर एक बाटली तिरकी तरी उभी आहे किंवा तिचं शून्य तरी चुकलंय, ते शोधा. जमलं, की शाळेच्या फळ्यावर सुविचाराखाली एक ओळ वाढवा: 'आजचा पाऊस, इतके मिलिमीटर.' पाळीपाळीने मोजा, वहीत तारीख घालून लिहा आणि रविवारी कोण मोजणार हे शनिवारीच ठरवून टाका.