अणूचा धक्का मोजणारी पट्टी

आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांत टांगलेले आरसे. दूर कुठे कृष्णविवरे आदळली की आरशांत प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाहून कमी हालचाल होते, ती लेसरने टिपायची. अमेरिकेत १४ सप्टेंबर २०१५ रोजी हे साधले.

एवढीशी हालचाल मोजून अणूच्या आतलेही कळते का? कळते.

एमआरआय आपल्या घराघरांत ठाऊक आहे. रुग्णाला बोगद्यात निजवतात, ठकठक ऐकू येते. आपल्या अंगात पाणी, पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनचे केंद्रक म्हणजे इवलासा लोहचुंबकच. रेडिओ लहरींनी ही केंद्रके डोलतात आणि तारेच्या वेटोळ्यात किंचित वीज उमटते. पण एकाच्या डोलण्याने काहीच कळत नाही, अब्जावधींनी एकदम डोलावे लागते.

१९९१ मध्ये अमेरिकेतील जॉन सिडल्स यांनी सुचवले, की वेटोळे सोडा, चुंबकाचा धक्काच मोजा. हे सिडल्स हाडांच्या वैद्यक विभागातले, हे आम्हाला विशेष वाटते. त्यासाठी सिलिकॉनची पट्टी घेतात. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढी पातळ. टोकावर नमुना, जवळ बारीक चुंबक. रेडिओ लहरींनी केंद्रके उलटसुलट केली की चुंबकाशी त्यांची ओढ बदलते. ही उलटापालट पट्टीच्या स्वतःच्या तालात करायची. झोक्याला वेळेवर हलका हात लावला तरी झोका चढतो ना, तशी पट्टी डोलू लागते. ते डोलणे प्रकाशाने मोजतात.

आयबीएमच्या डॅन रुगर यांच्या गटाने १९९४ मध्ये केंद्रकांचा असा धक्का पकडला. २००९ मध्ये तंबाखूच्या रोपाला पछाडणाऱ्या विषाणूचे त्रिमिती चित्र काढले, घनफळाच्या हिशेबाने दवाखान्यातल्या एमआरआयहून दहा कोटी पट बारीक.

मात्र हे यंत्र रुग्णासाठी नव्हे. नमुना निर्वात, अतिथंड डब्यात ठेवावा लागतो, कारण उष्णतेनेही पट्टी थरथरते. प्रथिनातला एकेक अणू दिसावा, म्हणजे औषध शोधणे सोपे होईल, हे सिडल्स यांचे स्वप्न अजून पुरे झालेले नाही.

आपल्याकडे कारखाने नाहीत म्हणून आपण हळहळतो. औंढ्याची जागा निवडताना शास्त्रज्ञांनी आधी जमिनीची थरथरच मोजली होती.