गुणगुण मागाची, दोष जोडीचा

भिवंडी-निजामपुरासारख्या यंत्रमागांच्या दाट वस्तीत पेढी आणि मागांचा गाळा यांच्यात कित्येकदा एका भिंतीचंच अंतर असतं. अशा पेढीतला जुना ईपीएबीएक्स, म्हणजे कार्यालयातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, गुणगुणू लागला की दोन निदानं ठरलेली असतात: एक, पेटी म्हातारी झाली, दोन, शेजारी एवढ्या मोटारी चालतात म्हटल्यावर आवाज येणारच. दोन्ही निदानं घाईची आहेत. पेटी बदलण्याआधी संशय घ्यायचा तो तारांच्या जोड्यांवर. या जोड्यांचं महत्त्व वाढलं ते पेटीमुळेच. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेची स्थापना १९८४ सालची. त्यानंतर देशी ईपीएबीएक्सचा प्रसार झाला आणि कार्यालयातल्या टेलिफोनची सगळी अक्कल पेटीत गेली. त्याआधीच्या बटणांच्या बहुलाइन यंत्रणेत, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या 'वन-ए-टू'मध्ये, प्रत्येक टेबलापर्यंत २५ जोड्यांची जाड केबल न्यावी लागे, कारण प्रत्येक लाइनला बोलण्याची, दिव्याची आणि होल्डची तार वेगळी. ईपीएबीएक्सच्या साध्या एक्स्टेन्शनला एकच जोडी पुरते. पण म्हणूनच त्या एका जोडीवर सगळा भार येतो.

जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. ही कल्पना अलेक्झांडर ग्रॅहम बेलची, १८८१ च्या पेटंटातली. मोटारीच्या ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत विद्युतदाब निर्माण होतो. तो थांबवता येत नाही. पिळामुळे मात्र दोन्ही तारा आळीपाळीने मोटारीच्या जवळ येतात, दोघींवर जवळपास सारखाच परिणाम होतो, आणि टेलिफोनला ऐकू येतो तो फक्त दोघींमधला फरक. गोंगाट जोडीतच कापला जातो. म्हणजे मोटारी आहेत म्हणून आवाज येणारच हे खरं नाही. जोडी शाबूत असेल तर तो बराच कमी व्हायला हवा. तार पीव्हीसीच्या पाइपातून नेली आहे, हेही उत्तर नव्हे. प्लॅस्टिकला चुंबकीय क्षेत्र अडवता येत नाही.

मग जोडी बिघडते कुठे? केबल सोलताना. वीस जोड्यांच्या केबलमध्ये पहिल्या पाचांत पांढऱ्याच्या जोडीला निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी आणि राखाडी तार येते. पुढच्या पाचांत लाल येते, मग काळी, मग पिवळी. आवरण हातभर सोलून पीळ उलगडला की पाच पांढऱ्या तारा हुबेहूब दिसतात. निळीबरोबर नारिंगीची पांढरी क्रोनमध्ये, म्हणजे तारा पात्यांत दाबून बसवायच्या पट्टीत, बसली आणि दुसऱ्या टोकालाही तीच अदलाबदल झाली, तर डायल टोन येतो, घंटी वाजते, मीटरही बरोबर दाखवतो. मीटर तार अखंड आहे एवढंच सांगतो, ती कुणाच्या सोबत पिळली आहे ते सांगत नाही. जोडी अशी फुटली की मागाची गुणगुण शिरते आणि शेजारच्या एक्स्टेन्शनचं बोलणंही पुसट ऐकू येतं. हा दोष पेटी बदलून जात नाही. नवी पेटी त्याच क्रोनवर बसते.

आता मोबाइल असताना ही उठाठेव कशाला, हा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि पेढीला बाहेरून फोन घेण्यापुरतं काम असेल तर तो मान्य करायला हवा. पण गेटपासून गोदामापर्यंत आतल्या आत बोलायचं तर एक्स्टेन्शन अजून सोयीचं आहे, आणि इंटरनेटवरचे टेलिफोन ज्या कॅट-५ केबलवर चालतात तिच्यातही पिळलेल्या चारच जोड्या असतात, प्रत्येकीचा पीळ वेगळ्या घनतेचा. तिथेही जोडी फोडली तर नेटवर्क अडखळतं. चूक तीच राहते, फक्त गुणगुणीऐवजी ती डेटा गळताना दिसते.

शोध सोपा आहे. माग बंद असताना ऐकावं. गुणगुण गेली पण शेजारच्या लाइनवरचं बोलणं ऐकू येतच राहिलं, तर जोडी फुटलेली आहे. केबल दोन्ही टोकांना पुन्हा सोलून, पीळ क्रोनच्या तोंडापर्यंत ठेवून बसवावी. खरखर पावसाळ्यात वाढून उन्हाळ्यात ओसरत असेल, तर ओल आणि सुताचा कस्तर क्रोनच्या पात्यांमध्ये साचून एका तारेतून गळती होते आहे. तेव्हा केबलला हात न लावता आधी क्रोनचा डबा साफ करून कोरडा करावा.