विमा बँकेचा, माल व्यापाऱ्याचा

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळत होता. वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या फुगल्या होत्या. कोयना प्रकल्पाच्या वीजघरांतून सुटणारे पाणीही याच वाशिष्ठीला मिळते, आणि दाभोळच्या खाडीत भरती असली की नदीच्या पाण्याला पुढे सरकायला वाव राहत नाही. टाळेबंदीतून नुकत्याच सावरू लागलेल्या दुकानदारांनी गणपतीच्या हंगामासाठी माल भरायला घेतला होता. १० सप्टेंबरला चतुर्थी होती. कापड, किराणा, औषधे, फ्रीज, हिशेबाच्या वह्या, सारे चिखलात गेले.

त्यानंतर राज्य सरकारने मदत जाहीर केली. दुकानदाराला जास्तीत जास्त ५० हजार रुपये आणि टपरीधारकाला १० हजार. लाखांचा माल गमावलेल्या माणसाला यातून चार दिवसांचा आधार मिळतो, दुकान पुन्हा भरत नाही. ते काम विम्याचे. मग अनेकांकडे पॉलिसी असूनही विम्याची रक्कम तुटपुंजी का पडते? याचे उत्तर पॉलिसी कोणी काढली, कशासाठी काढली आणि तिच्यात किती रकमेचा आकडा लिहिला, यात आहे.

छोट्या शहरातील व्यापारी सहसा आपणहून विमा काढत नाही. तो बँकेकडून कॅश क्रेडिट घेतो, दुकानातला माल तारण ठेवतो आणि त्या तारणाचा विमा बँक उतरवून घेते. हप्ता खात्यातून वळता होतो, पॉलिसी कर्जाच्या फाइलमध्ये जाते. बँकेला चिंता आपल्या कर्जाची, म्हणून विम्याची रक्कमही बऱ्याचदा कर्जमर्यादेच्या जवळपास ठरते. पॉलिसीवर बँकेच्या हिताचे कलम असते आणि दाव्याचे पैसे आधी बँकेकडे जातात. व्यापाऱ्याचा स्वतःच्या भांडवलातून आणलेला माल, फर्निचर, काउंटर, संगणक या हिशेबात येतीलच असे नाही.

इथेच सरासरीचा नियम आडवा येतो. समजा, दुकानात ४० लाखांचा माल आहे आणि विमा २० लाखांचा. पुरात १६ लाखांचा माल गेला. नुकसान विम्याच्या रकमेपेक्षा कमी आहे, तेव्हा १६ लाख पूर्ण मिळतील, असे व्यापारी धरून चालतो. पण निम्म्याच मालाचा विमा उतरवलेला असल्याने कंपनी नुकसानही निम्मेच मान्य करते. हाती ८ लाख येतात, त्यातूनही पॉलिसीतील ठरावीक वजावट आणि वाचलेल्या मालाची किंमत कापली जाते. हा नियम पॉलिसीत छापलेला असतो आणि तो कायदेशीर आहे. अन्याय आहे तो एवढाच, की हप्ता भरणाऱ्याला तो वेळेवर कोणी समजावून सांगत नाही.

विमा नियामक प्राधिकरणाने या दुखण्यावर काही इलाज केला आहे. १ एप्रिल २०२१ पासून, म्हणजे चिपळूणच्या पुराच्या जेमतेम चार महिने आधी, छोट्या उद्योगांसाठी दोन प्रमाणित पॉलिसी लागू झाल्या. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि ५ ते ५० कोटींपर्यंत असेल तर ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. जुन्या आगीच्या पॉलिसीत वादळ आणि पुराचे संरक्षण वगळून हप्ता कमी करता येत असे. नदीकाठच्या दुकानाला ही बचत फार महाग पडू शकते. नव्या पॉलिसीत पूर मुळातच धरलेला आहे. शिवाय विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी उतरवला असेल, तर सरासरीचा नियम लावायचा नाही, अशी तरतूद आहे. वरच्या उदाहरणात विमा ३५ लाखांचा असता, तर दावा या कारणाने कापला गेला नसता.

दुकान बंद राहिलेल्या दिवसांचे काय? आगीच्या पॉलिसीत बुडालेला नफा येत नाही. त्यासाठी नफ्याच्या नुकसानीचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि तोही सहसा मालमत्तेचे प्रत्यक्ष नुकसान झाले असेल तरच लागू होतो.

दावा टिकतो तो कागदांवर. खरेदीची बिले, स्टॉक रजिस्टर, जीएसटीची विवरणपत्रे यांवरून कंपनीने नेमलेला सर्व्हेअर दुकानात किती माल होता ते ठरवतो. हीच कागदपत्रे पुरात जातात, म्हणून त्यांची प्रत दुकानाबाहेर, शक्यतो इंटरनेटवर असलीच पाहिजे. पूर ओसरताच कंपनीला लेखी कळवावे. रोगराईच्या भीतीने भिजलेला माल तातडीने फेकावा लागतो, तो फेकण्याआधी फोटो, व्हिडिओ आणि यादी करावी. दावा नाकारला गेला, तर एकल मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांना विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. मुंबई आणि पुण्यात त्याची कार्यालये आहेत.

विम्याने पाणी अडत नाही. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतो. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. आपले दुकान कोणत्या रेषेत आहे हे माहीत असेल, तर महागडा माल पोटमाळ्यावर ठेवता येतो, विजेचा बोर्ड उंच बसवता येतो, पावसाळ्यात तळाशी कमी साठा ठेवता येतो. नदीचे काम मात्र एकट्या दुकानदाराच्या हातातले नाही. चिपळूणकरांनी बचाव समिती स्थापन करून, उपोषणे करून वाशिष्ठीतील गाळ काढण्याची मागणी लावून धरली, तेव्हा ते काम सुरू झाले. बाजारपेठेची जोखीम कमी करण्याचा हाही एक रस्ता आहे आणि प्रत्येक नदीकाठच्या व्यापारी संघटनेने तो धरला पाहिजे.

या लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा करण्याआधी बँकेतून पॉलिसीची प्रत मागून घ्या. त्यात चार गोष्टी तपासा: पुराचे संरक्षण आहे का, दुकान आणि गोदाम दोन्हींचे पत्ते आहेत का, विम्याची रक्कम हंगामातल्या भरल्या दुकानाला पुरते का आणि मुदत कधी संपते. हप्ता आधी भरल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही, असे विमा कायद्यातच म्हटले आहे. कमी काही आढळले, तर पुढच्या पावसाळ्याची वाट न पाहता याच महिन्यात दुरुस्त करून घ्या.