श्रीलंकेतील श्रमदान आणि परकी देणगी
सन १९५८ मध्ये कोलंबोच्या नालंदा विद्यालयातील शिक्षक ए. टी. अरियरत्ने विद्यार्थ्यांसह कनतोलुव या, अस्पृश्य गणलेल्या रोडिया समाजाच्या वस्तीत जाऊन राहिले, आणि तेथील अंगमेहनतीतून जी सर्वोदय श्रमदान चळवळ उदयास आली, तिच्यामागे गांधी-विनोबांच्या विचारांची प्रेरणा होती, ही आपल्यास अभिमानास्पद गोष्ट होय. या चळवळीत कोणते काम हाती घ्यावे हे ग्रामस्थच सभेत ठरवितात. मग गावकरी आणि पाहुणे एकाच रस्त्यावर मातीची घमेली वाहतात व एकाच पंगतीस बसतात. पुढे नेदरलँड्समधील ‘नोविब’सारख्या संस्थांनी या कार्यास द्रव्यसाहाय्य केले. अशी देणगी अवजारे, सिमेंट आणि कार्यकर्त्यांचे शिक्षण यांकडेच वळवावी, श्रम मात्र गावाचेच असावेत, असे मला निश्चित वाटते. कारण ज्या रस्त्याची माती गावाने स्वतः उपसली, त्याची पावसाळ्यानंतरची डागडुजी करण्यास सरकारी हुकमाची वाट कोणी पाहत नाही.